पणजोबांची विजार

"थोरल्या आज्जी, तू खरंच पणजोबांची विजार घालायचीस?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून हर्षदाने विचारलं आणि जीभ चावली. पणजी मात्र खळखळून हसली.

"व्हय की! गावातलं पयलं पाण्याचं इंजिन आमचं, आणि चालवणारी मी. एकदा लुगडं पट्ट्यात गेलं, मरता मरता वाचले. दुसऱ्या दिशी ह्यांची विजार चढवली. समदं गाव फिदीफिदी हसलं. पण कुणाचं इंजिन रुसलं, की बैलगाडी जुंपून मलाच न्यायला यायचे!"

ऐकून हर्षदा ताठ मानेने आत गेली. शिलाई मशीनवर बसलेल्या आईशेजारी बाबा हर्षदाच्या आयटीआयच्या अर्जात ‘शिवणकाम’ लिहीत होते.

"बाबा, ते खोडा. मी डिझेल मेकॅनिकच होणार. आई, शिवणकाम बाबांना शिकव हवं तर!"