सुकाणूचं बिजागर

"वहिनी, ते नट गंजून जाम झालेत. होडी मला विका नि मोकळ्या व्हा," दीर म्हणाला.

नवरा गेल्यापासून होडी वाळूवर पडून होती. सुकाणूचं मोडकं बिजागर बदलल्याशिवाय ती पाण्यात जाणार नव्हती. चांगुणाने डिझेलमध्ये भिजलेल्या नटाला पाना लावला आणि तो आधी आणखी आवळला.

"उलटं फिरवताय," दीर फिदीफिदी हसला. "बायकांचं काम नव्हे ते."

कट्‌कन गंजाची पकड सुटली. मग तिने पाना सुटायच्या बाजूला फिरवला आणि नट अलगद हातात आला.

संध्याकाळी नवं बिजागर बसलं, तेव्हा दिराचं हसू मावळलं होतं. "नारळी पुनवेला सुकाणू धरणार कोण?"

तिने तेलकट हात पुढे केले. "हेच हात, भावजी. तुम्ही नारळ तेवढा घेऊन या."