बाविसावी चिठ्ठी

शलाका तांडेलनं कपाळावरची पट्टी काढली, तरी तिचं मन पट्टीत पाहिलेल्या बेटावरून हलेना. वर्गातल्या लुटुपुटूच्या राष्ट्रांच्या महासभेत चिठ्ठीनं ज्याला जो देश येई, त्याला तिथल्या एका माणसाच्या आठवणी पट्टीतून तासभर मिळत. शलाकाच्या चिठ्ठीत आलं होतं बारा वर्षांपूर्वी समुद्रात बुडालेलं बेट, आणि पट्टीत तिथला म्हातारा कोळी.

ठराव एवढाच होता : ज्या देशाला जमीन नाही, त्याला मत नाही. शलाका जीव तोडून बोलली. ठराव एकवीस विरुद्ध एक मतानं मंजूर झाला.

घाटपांडे सर फळ्यापाशी थबकले. यंदाचा कायदा पुढच्या वर्षीच्या वर्गावर बंधनकारक, हा नियम त्यांचाच. खऱ्या महासभेनं बेटाची खुर्ची केव्हाच उचलली होती. आता ती फक्त या वर्गात उरली होती.

“सर, पुढच्या वर्षी चिठ्ठ्या किती करायच्या?” अध्यक्ष झालेल्या मुलानं विचारलं.

सरांनी खडू उचलला आणि परत ठेवून दिला.

“एकवीस,” शलाकाच म्हणाली. मग तिनं पट्टी सरांच्या हातात जपून ठेवली. “हिच्यातल्या आठवणी मात्र पुसू नका, सर. आत तो म्हातारा अजून दारात बसून जाळं विणतोय. त्याला यातलं काहीच माहीत नाही.”