आढ्यावरचा झाडू

छपराचा सांगाडा उभा राहिला की मालकाने सुतारांना बिअर पाजायची आणि सुतारांनी आढ्याला हिरवा हार बांधायचा, ही ब्रेमेनकडची जुनी रीत. मालक चिक्कू निघाला तर हाराच्या जागी झाडू. मग गावात त्याला तोंड दाखवायची सोय उरत नसे.

"मंदी आहे, पार्टीबिर्टी काही नाही," इमारतीच्या मालक कंपनीचे ब्रांडिस साहेब म्हणाले. "उद्यापासून कामही बंद. वसंतात तेजी येणार आहे, तेव्हा बोलावू."

म्हातारा होल्गर सुतार वर चढला आणि झाडू टांगून खाली आला. "बघा साहेब, कसा दिसतोय."

साहेबांनी मान वर केली. "बरी आठवण केलीत. जाताना सगळं झाडून घ्या. झाडूवालीलाही कालच काढलंय."

असल्या माणसासाठी आढ्याला काय टांगायचं, हे होल्गरच्या आजोबांनी सांगून ठेवलं नव्हतं.