दारालगतची खुर्ची

नटाने स्वतःला विसरावं, तरच कला जन्माला येते, असं खांबेटेकाका तालमीत सर्वांना सांगत. स्वतः ते तीस वर्षांत डावा पाय एकदाही विसरले नव्हते. लहानपणच्या पोलिओने तो जरा आखूड राहिला होता. म्हणून नाटक कुठलंही असो, त्यांची खुर्ची प्रवेशाच्या दाराला लागूनच मांडली जाई. दोन पावलांत बसायचं आणि पडदा पडेपर्यंत उठायचं नाही.

यंदा हौशी नाट्यस्पर्धेसाठी दिग्दर्शक केतकीने एका लंगड्या पोस्टमनचं नाटक घेतलं. "काका, मुख्य भूमिका तुमचीच. पण खुर्ची नाही. पाय आहे तसा राहू द्या."

"मी अभिनय करतो गं, व्यंगाचं प्रदर्शन नाही," म्हणून काका घरी गेले.

भूमिका संस्थेतल्या तरुण परागला मिळाली. तो महिनाभर "सहज आलो" म्हणत काकांकडे चहाला येई आणि ते कप आणायला उठले की टक लावून बघे. काकांना वाटायचं, पोरगं आपल्याला मानतं.

स्पर्धेत पराग थेट काकांसारखा रंगमंचभर लंगडला. प्रेक्षकांत काकांच्या बाजूच्या बाई डोळे पुसत होत्या. आपण इतके बरे दिसतो, हे काकांना बासष्टाव्या वर्षी कळलं.

निकालानंतर पराग पाया पडला. "काका, खरं सांगा, जमलं?"

"जमलं रे. पाय तेवढा उजवा घेतलास. माझा डावा आहे."

"असू दे की," पराग गळ्यातलं रौप्यपदक सारखं करत म्हणाला. "परीक्षकांना कुठे माहीत होतं?"

ते खरंच होतं. तीस वर्षांत कुठल्याच परीक्षकाने काकांना चालताना पाहिलं नव्हतं.