पाचचा ठोका

सांगून कुणाला पटायचं नाही, पण हिंमतरावांच्या डोकेदुखीवर अख्खी कसबा पेठ घड्याळं लावायची. रोज पाचच्या ठोक्याला उजव्या डोळ्यामागे तापलेली सळई फिरायची. दुखणं येऊच नये म्हणून स्टेरॉइड घेतलं, साखर चढली. मग डोकेदुखीवरच बीपीची गोळी आली. तिचा डोस वाढवायचा, तर दर वेळी आधी हृदयाचा ईसीजी. दुखणं मात्र वेळ चुकवेना. त्यात सॉफ्टवेअरवाली लेक हटून बसली, “तुम्ही बरे झाल्याशिवाय मी अमेरिकेला जाणार नाही.” आपल्या डोक्यापायी तिचं विमान चुकणार, या विचारानं हिंमतराव आणखीच वैतागले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “गोळी लागू पडली?” “अहो, डोकेदुखी माझ्या पाया पडून गेली,” हिंमतराव ऐटीत म्हणाले. “पुन्हा येणार नाही म्हणाली.” डॉक्टर हसले. पाच वाजत आले होते. शेजारी बसलेल्या लेकीनं शांतपणे विचारलं, “येणार नाही ना, बाबा? मग मघापासून घड्याळाकडे का बघताय?”