वृंदाबाईंची फाइल

“पुन्हा गेली?” शरदचंद्रांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी बायकोला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. पडद्यावर वृंदाबाईंच्या कादंबरीच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती.

अंबरनाथच्या एका कारखान्यात शरदचंद्रांनी जन्मभर क्वालिटी कंट्रोल सांभाळला होता. माल खराब निघाला की ते आधी माणूस पकडत आणि मग तपास सुरू करत. निवृत्तीनंतर पकडायला एकच माणूस उरलं होतं.

“कितीदा शिकवलं तुला? सेव्ह होईपर्यंत पेनड्राइव्ह ओढायचा नाही. शेंबडं पोर शिकलं असतं एव्हाना!”

“चुकलंच हो,” वृंदाबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर अर्थातच शरदचंद्रांचा. वृंदाबाईंच्या वाट्याला आला होता एक पेनड्राइव्ह, तोही कुठल्याशा सेमिनारमध्ये फुकट वाटलेला. त्यावर त्या कादंबरी लिहीत. एका प्रकाशकाने दोन प्रकरणं वाचली होती आणि पूर्ण कादंबरी दिवाळीच्या आत मागितली होती. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे चहा-जेवणाखेरीज काही मागितलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि फाइल सारखी बिघडत होती.

फाइल धड होती तोवर शरदचंद्र ती रोज ‘तपासत’. नायिका फार उलट बोलते म्हणून त्यांनी तिची अर्धी वाक्यं उडवली होती. वर तिच्या तोंडी शिस्तीचं महत्त्व सांगणारं दीड पानी भाषण घातलं होतं. “आता कुठे वाचण्यासारखं झालं,” असंही म्हणाले होते. वृंदाबाईंनी ते भाषण वाचलं आणि त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. हे शरदचंद्रांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या पानात सगळं वेळेवर पडलं होतं.

मग फाइल बिघडायला लागली आणि त्यांना नवं काम मिळालं. त्यांनी रॅम बदलली. विंडोज नव्याने टाकलं. यूपीएस आणला. शेजारच्या हिंदुरावांच्या पाण्याच्या पंपामुळे व्होल्टेज हलतं, असं ठरवून त्यांच्याशी भांडूनही झालं. शेवटी सीपीयू रिक्षात घालून ते उल्हासनगरला, कॅम्प दोन भागातल्या जितेशच्या दुकानात गेले.

जितेशने मशीन लावून बघितली. “साहेब, मशीन एकदम ओके आहे. कोणीतरी सेव्ह होताना पेनड्राइव्ह खेचतंय, बस.”

“ते काय मला माहीत नाही? बायको खेचते. पण तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. तेव्हा तू मशीनच अशी कर, की तिने खेचला तरी चाललं पाहिजे.”

जितेशने स्क्रू काढायला घेतले. असं गिऱ्हाईक त्याला रोज चाललं असतं.

इकडे घरी मुलगी राजसी बदलापूरहून आली होती. रिकामं टेबल बघून तिने आईकडून सगळं ऐकलं आणि फोन हातात घेतला. “एवढी वर्षभराची मेहनत, आई! मी बाबांना फोन करते. म्हणावं, त्या दुकानवाल्याकडून निदान थोडं तरी परत मिळवा.”

“नको. कादंबरी सोमवारीच प्रकाशकाकडे पोचली,” वृंदाबाई म्हणाल्या. “दुपारी ते झोपले, की मी फोनवर लिहायचे. एक शब्दही न बदलता छापतायत.”

राजसीने फोन खाली ठेवला. “मग ती बिघडणारी फाइल?”

“ती मीच बिघडवते. सेव्ह होत असताना पेनड्राइव्ह ओढते. ते दुरुस्तीला लागले, की माझ्या लिखाणाला हात लावत नाहीत.”

राजसीला आधी हसू फुटलं, मग धडकी भरली. “आई, आणि तू हे मुद्दाम करतेस, असं बाबांना कळलं तर?”

वृंदाबाईंनी शांतपणे चहा गाळला.

“कसं कळेल? त्यासाठी त्यांना आधी मानावं लागेल, की मला एवढी अक्कल आहे.”