ओलीचे आठ खण

"हे घ्या! झालं समाधान?" मार्लीसने नोटिशीचा कागद एल्डनच्या छातीवर आपटलाच.

दुसरी नोटीस होती. कुत्रा दिवसभर रडतो, भाडेकरूंना त्रास होतो. डुलूथच्या त्या तीन मजली इमारतीत नियम एकच, तक्रार कसलीही असो, तीन नोटिसा आणि खेळ खलास. तिसरी आली की कुत्रा तरी जाणार नाहीतर घर तरी.

"मी नाही केली तक्रार," एल्डन म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, तिच्या बरोबर खालच्या घरात एकटा राहणारा. "पण रडतो खरा. तुम्ही शाळेत गेलात की जो सुरू होतो तो दोन वाजेपर्यंत. ऐकवत नाही हो."

"ऐकवत नाही तर कानात बोळे घाला!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिच्या नवऱ्याला, ऑर्व्हिलला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. हे बीगल जातीचं पिल्लू, ओली, त्यानेच शर्टात गुंडाळून घरी आणलेलं. आता त्या घरात तिची वाट बघणारं दुसरं होतं कोण? ओली गेला असता तर तिने कुणासाठी घरी यायचं होतं?

ती काम करायची त्या शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी तोडगा सांगितला. कुत्र्याला एकटं सोडताना डोक्याला काम द्यायचं. त्याच संध्याकाळी ती कोड्याचं खेळणं घेऊन आली. जाड लाकडी फळी, त्यात आठ छोटे खण, प्रत्येक खणाला दोरीची कडी. कुत्र्याने दातांनी कडी ओढायची, खण उघडायचा, आतला खाऊ खायचा.

सकाळी तिने आठही खण भरले आणि खुंटीवरची घराची किल्ली घेतली. किल्लीला मासेमारीच्या गळाला लावतात तसला पत्र्याचा मासा अडकवलेला होता, लाल-पांढरा. ऑर्व्हिलने तिन्ही किल्ल्यांना तसे मासे लावले होते, म्हणजे हरवायच्या नाहीत. तरी तिसरी त्या भोळसटाने कुठल्या तळ्यात बुडवली होती कोण जाणे. खुंटीवर दोनच उरल्या होत्या.

दुपारी ती परतली तेव्हा इमारत शांत होती. ओली शेपूट हलवत दारात आला. आठही खण रिकामे होते, आणि आठही नीट लावलेले.

"अगं बाई! लावूनसुद्धा ठेवलेस?" तिने त्याचं तोंड ओंजळीत धरलं. "माझ्या पोरीने अठरा वर्षांत एक खण लावला नाही!"

रोज तेच होऊ लागलं. पाच आठवडे गेले, नोटीस नाही. मग तिला राहवेना. खाली टपालपेट्यांपाशी एल्डन विझलेला पाइप चघळत उभा दिसला, तसं तिने गाठलंच.

"काय हो, बरी झोप लागते ना आता? काही सापडत नाही ना तक्रार करायला? माझा कुत्रा खाऊन खणसुद्धा लावून ठेवतो, माहितेय? माणसांना नाही तेवढी अक्कल आहे त्याला!"

एल्डनने पाइप खिशात घातला. "गुणी आहे तो," एवढंच म्हणाला आणि आत गेला.



आणि त्याच आठवड्यात तिला वास आला. ओलीच्या पांघरुणाला पाइपच्या तंबाखूचा वास! उशीला, त्याच्या कानांमागच्या केसांनासुद्धा. म्हाताऱ्याचा धूर हवेच्या झडपेतून थेट तिच्या घरात येत होता आणि हा मात्र साळसूदपणे सांगत फिरायचा, मी घरात ओढतच नाही, बाहेर गाडीतळावर ओढतो. इमारतीत तंबाखूला सक्त मनाई होती. त्यावरून त्याला आधीच दोन नोटिसा मिळालेल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने पांघरूण बगलेत मारलं, ओलीला दोरी लावली आणि व्यवस्थापक ट्रूडीचं दार ठोठावलं.

"घे, हुंग! हुंग ना! मुक्या जनावराच्या छातीत धूर भरतोय तो!"

ट्रूडीने हुंगलं आणि एल्डनला बोलावून घेतलं. एल्डनने पांघरूण पाहिलं, मग ओलीकडे पाहिलं. ओली दोरी ताणून गेला आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसला. मार्लीसने त्याला खस्सकन मागे ओढलं. मेला गद्दार!

"बोला की आता!" ती ओरडली. "का वाचा बसली?"

"वास माझाच आहे," तो म्हणाला. "आणखी काही सांगायचं नाही मला."

त्याला तिसरी नोटीस मिळाली. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी त्याची मुलगी त्याला फार्गोला न्यायला आली. गाडीत खोकी भरून झाल्यावर तो वर आला, टोपी काढली आणि एक पाकीट पुढे केलं.

"सोमवारी शाळेत जाण्याआधी उघडा. विसरू नका."

"माफी मागायला आता सुचतंय होय?" तिने दार लावून घेतलं आणि पाकीट फ्रिजवर भिरकावलं. आत काहीतरी खणखणलं. ओली दाराला नाक लावून कितीतरी वेळ बसून राहिला.

सोमवारी तिने आठ खण भरले आणि शीळ घालत कामाला गेली. पाकिटाला हात लावायची तिला गरज वाटली नाही.

दोन वाजता गाडीतून उतरताच तिला रडणं ऐकू आलं. घसा बसेपर्यंत चाललेलं, लांबलचक. ती जिने धावत चढली. दारावर कागद चिकटवलेला होता. तिसरी नोटीस.

पण म्हातारा तर फार्गोला होता!

आत आठही खण लावलेले होते. तिने पहिला ओढला. सकाळचा खाऊ जसाच्या तसा. दुसरा ओढला, तिसरा ओढला. आठही भरलेले. ओली तिच्याकडे न बघता दाराकडे बघून रडत होता.

मार्लीसने फ्रिजवरून पाकीट खाली घेतलं आणि फाडलं. आत चिठ्ठी नव्हती. तिच्याच घराची किल्ली होती, लाल-पांढरा मासा लावलेली.